डाव्या गादीतली लोकर

खोगीर बसवायला बाई येणार हे फोनवर ठरलेलं असलं, तरी मी पोचले की लोक आधी माझ्या मागे बघतात. मागून कुणी पुरुष माणूस पिशवी घेऊन येत असेल अशी त्यांची खात्री असते. पिशवी माझ्याच खांद्याला असते. तिच्यात हाताने वाकणारी ॲल्युमिनियमची तार, जुन्या कॅलेंडरची पानं, तांदळाच्या पिठीचा डबा, आरी, दाभण, मेण लावलेला दोरा आणि लोकर कोंबायची हातभर लांब सळई असते. पूर्वी मला या बघण्याचा राग यायचा. आता मी सरळ म्हणते, "मागे कोणी नाही. घोडा कुठेय?"

हे काम मी लग्नानंतर शिकले, आणि तेही नवऱ्याच्या भित्रेपणामुळे. माझा नवरा नगरमधला नावाजलेला खोगीरवाला. चामड्यावर त्याचा हात असा चालायचा की बघत बसावं. पण जिवंत घोड्याजवळ जायचं म्हटलं की तो मागे सरायचा. लहानपणी कधीतरी लाथ बसली होती, तिचा वळ मांडीवरून गेला, मनावरून गेला नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून मापं घ्यायला एक म्हातारे कारागीर होते. ते वारले आणि पंचाईत झाली. गिऱ्हाईक दारात घोडा धरून उभं, आणि हा आत बसून घासलेलंच चामडं पुन्हा घासतोय. शेवटी मी चिडून तार उचलली आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. पाठ माझी, खोगीर त्याचं. तीस-एकतीस वर्षं आम्ही तसंच काम केलं आणि त्यात आमचं छान चाललं होतं.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. खोगिराच्या खालच्या अंगाला दोन लांबट गाद्या असतात, कण्याच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक. त्यात लोकर भरलेली असते. स्वाराचं सगळं वजन त्या दोन गाद्यांवरून घोड्याच्या पाठीवर उतरतं, आणि ते सगळीकडे सारखं उतरायला हवं. एखाद्या ठिकाणी जास्त दाब आला तर घोडा बोलत नाही. तो अंग चोरतो, पाऊल आखडतं घेतो, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना कान मागे टाकतो. मालकाला वाटतं जनावर हट्टी झालंय. मी मान संपते तिथल्या उंचवट्यावर तार दाबून तिचा आकार कागदावर उतरवते, पाठीवर पिठी भुरभुरते, नुसतं खोगीर ठेवून उचलते आणि गादीला पिठी कुठे लागली, कुठे नाही ते बघते. यात जादू काही नाही. घाई न करणारा माणूस लागतो, आणि माझ्याकडे आता वेळ सोडून दुसरं फारसं काही नाही.

चार वर्षांपूर्वी नवरा गेला. दुकान बंद केलं, सामान नगरच्याच सावेडी भागातल्या फ्लॅटमध्ये आणलं. लोकांच्या हॉलमध्ये सोफा असतो तिथे माझ्याकडे खोगीर ठेवायचा लाकडी घोडा आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं, नातवासाठी घेतलात का. मी म्हटलं, मला मूलच नाही, नातू कुठून आणू? त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, कारण त्या त्यानंतर जिन्यात थांबून बोलेनाशा झाल्या. माझी जीभ अशीच आहे. नवरा असताना ती चालून जायची, घरात ऐकून घेणारं कुणी होतं.

नवं खोगीर आता कुणी करून घेत नाही. हौशी मंडळी मोबाईलवर बघून मागवतात, खोगीर येतं, घोड्याला बसत नाही, मग कुणीतरी माझा नंबर देतं. व्हॉट्सॲपवर घोड्याचे फोटो येतात. फोटोत मालक ऐटीत पुढे आणि घोडा त्याच्या मागे अर्धा. महिन्याला असे दोन-तीन फेरे होतात. बाकीचे दिवस घर आणि मी. एकटेपणाबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात. माझा अनुभव साधा आहे. सकाळी दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, तेव्हापासून दुसऱ्या दिवशी तो येईपर्यंत कधीकधी माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. एकदा गॅस बुक करताना मराठीसाठी दोन दाबा म्हणणाऱ्या बाईला मी "बरं, दाबते हं" म्हणून उत्तर दिलं. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले.

तर, गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला फोन आला. "वहिनी, वळकलं का?"

ओळखलं नव्हतं, पण मला वहिनी म्हणणारा माणूस नवऱ्याच्याच ओळखीचा असणार. ते कोपरगावच्या पलीकडचे एक बागायतदार निघाले. सत्तरी ओलांडलेले. घरात, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने त्यांच्या घोड्यासाठी खोगीर केलं होतं. तो घोडा म्हातारा होऊन गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तांबूस रंगाची एक घोडी घेतली आणि तेच खोगीर तिच्यावर घालू लागले.

"तिला लागतंय बगा कुटंतरी. पाठ सोलली न्हाई, पन आंग चोरती. तुमी या एकदा."

मी गेले. तारकपूरच्या स्टँडवरून एसटी धरली. कारखाने सुरू झाले होते, राहात्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगत होती. एकाला दोन-दोन ट्रेलर, ओलांडायची सोय नाही. कोपरगाव स्टँडवर आबा जीप घेऊन उभे होते. पाटाच्या कडेला त्यांची वस्ती. पडवीत पाऊल टाकलं आणि मला गलबलल्यासारखं झालं, इतकी माणसं. दोन मुलगे, सुना, नातवंडं, कुणाकडे तरी कुणीतरी आलेलं, मोबाईलवर गाणं चालू, आतून भाकरी थापल्याचा आवाज. अकरा माणसांचं घर. आबांच्या मंडळींनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बसा ताई, एवड्या लांबून आल्या."

त्या दिवशीचं काम चोख होतं, हे मी छातीठोकपणे सांगते. घोडीची पाठ रुंद होती, पण खोगिराचा आतला सांगाडा तिला चालण्याजोगा होता. दोष लोकरीत होता. वीस वर्षांत तिचे दगडासारखे गोळे झाले होते. मी पडवीत बसून दोन्ही गाद्या उसवल्या, जुनी लोकर काढली, नवी पिंजून सळईने थोडी थोडी सरकवली. नवऱ्याची शिलाई उसवताना हात जड झाला, तेही सांगून टाकते. सुना येऊन बघत होत्या, विचारत होत्या. आबांच्या मंडळी जवळच शेंगा फोडत बसल्या आणि त्यांच्या माहेरच्या, जावेच्या, गुडघ्याच्या सगळ्या हकिगती मला सांगितल्या. मीही बोलले. किती बोलले! दुपारी ताट वाढलं तेव्हा माझा घसा बसला होता.

निघताना त्यांनी विचारलं, "पुना कवा येता?"

नवरा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नवी लोकर दबते, तीन आठवड्यांनी बघायला यावंच लागेल. ते खरंच होतं.

तीन आठवड्यांनी गेले तेव्हा आबा नुकतेच फेरी मारून आले होते. रोज सकाळी ते घोडीवरून पाटाच्या कडेने निघायचे, सगळं शिवार बघून दोन तासांनी परत यायचे. "पोरं म्हनत्यात, मोटारसायकलवर जा," ते मला सांगायचे. "मोटारसायकल हुंकार देती व्हय? ही देती." उतरल्यावर ते घोडीच्या कपाळाला कपाळ लावायचे. कुणी बघितलं तर लाजायचे.

मी खोगीर उतरवलं आणि घामाचा ठसा बघितला. चांगल्या बसलेल्या खोगिराखाली दोन्हीकडे सारखा ओला पट्टा उमटतो. ओल्यात कुठे कोरडा डाग दिसला तर समजायचं, तिथे दाब इतका आहे की घामसुद्धा फुटत नाही. घोडीच्या डाव्या बाजूला, उंचवट्याच्या जरा मागे, तळहाताएवढी जागा कोरडी होती. मी पुन्हा पिठी टाकून बघितलं. नुसतं खोगीर अगदी बरोबर बसत होतं. मग रिकिबींचे पट्टे सोडून शेजारी शेजारी धरले. डावा पट्टा बोटभर लांब भरला.

डावा पट्टा ताणला जातोच. सगळे डावीकडून पाय देऊन चढतात म्हणून आम्ही मधूनमधून पट्टे अदलाबदल करून घालतो. मी अदलाबदल केली आणि परत निघाले. एसटीत बसल्यावर आठवलं, आबा रिकिबीत पाय देऊन चढतच नाहीत. ते ओट्यावर उभे राहून थेट घोडीवर बसतात.

पुढच्या खेपेला डावीकडे घातलेला, मुळातला उजवा पट्टा ताणला गेला होता. म्हणजे दोष चामड्याचा नव्हता. मी आबांना म्हटलं, जरा चालवून दाखवा. ते पाटाच्या रस्त्याने निघाले आणि मी मागे उभी राहून बघितलं. डावा खांदा खाली, उजवी बाजू उचललेली. उजव्या खुब्यावर ते भार देत नव्हते. त्यांचा खुबा दुखत होता आणि ते सगळं अंग डावीकडे टाकून बसत होते. खोगीर सरळ होतं, घोडी सरळ होती, स्वार वाकडा होता.

मला त्या क्षणी सगळं कळलं. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी स्वतःलाच बरेच दिवस वेगळं सांगत होते.

अशा वेळी खोगीरवाल्याने एकच गोष्ट करायची असते. तोंड उघडायचं. माझ्या नवऱ्याने एका बड्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं, साहेब, घोडा बदलू नका, आधी पाठीच्या डॉक्टरकडे जा. पण आबांच्या घरचं मला एव्हाना ठाऊक होतं. मुलांना घोडी नको होती. म्हाताऱ्या माणसाने पडून हाड मोडून घेतलं तर निस्तरायचं कुणी, असं चाललं होतं. ज्या दिवशी पाय कुरकुरेल त्या दिवशी बसणं बंद, असा शब्द त्यांनी आबांकडून घेतला होता. मी खुब्याचं नाव काढलं असतं तर आबांचं बसणं संपलं असतं. बसणं संपलं की खोगीर संपलं, आणि खोगीर संपलं की सावेडीच्या बाईला कोपरगावला यायचं कारण संपलं.

आबा परत आले. "काय म्हनतंय?"

पडवीतून ताटांचा आवाज येत होता. आबांच्या मंडळींनी माझ्यासाठी वेगळी कमी तिखटाची आमटी केली होती. मागच्या खेपेला मला ठसका लागला होता, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

"डावी गादी बसलीय जरा," मी म्हणाले. "थोडी लोकर भरते."

डाव्या गादीत लोकर भरली की काय होतं ते सांगते. स्वार डावीकडे कललेला असतो म्हणून खोगीर डावीकडे झुकतं. तिथे भर घातली की ते उचललं जातं आणि मागून बघणाऱ्याला सरळ दिसतं. स्वारालाही बरं वाटतं. पण जिथे आधीच दाब जास्त, तिथेच आपण आणखी ठासलेलं असतं. डोळ्याला सुख आणि पाठीला मार. हे काम करणाऱ्या कुणालाही ते पहिल्या वर्षी कळतं. मला या कामात तिसाच्या वर वर्षं झाली होती.

आबा बसून बघून खूश झाले. "बगा, कसं बसलं! दादांचा हात गेला पन वहिनींचा हाय." दादा म्हणजे माझा नवरा. मी हसले आणि जेवायला बसले. आमटी फार चांगली झाली होती.

त्यानंतर मी तीन वेळा गेले. प्रत्येक वेळी डाव्या गादीत थोडी लोकर गेली. थोडीच, असं मी स्वतःला सांगायचे. नव्या लोकरीमुळे मऊच राहील. थंडी आहे, घोडीचे केस दाट आहेत. पुढच्या खेपेला सांगू. निघायच्या आदल्या दिवशी मी डबे घासायचे, त्यात चिवडा नाहीतर लाडू भरायचे, साडीला इस्त्री करायचे. घोड्याच्या कामाला इस्त्रीची साडी नेसून जाणारी मी नगर जिल्ह्यात तरी एकटीच असेन. नातवंडं मला पिठीवाली आजी म्हणायला लागली होती. एका दुपारी आबांच्या मंडळी मला आत घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, हे तुमाला काय बोलले का? रातचं कुशीवर वळताना कन्हत्यात. माज्यापाशी कबूल करीत न्हाईत."

मी म्हटलं, "नाही हो. मला तरी काही दिसलं नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. इतका सहज ठेवला की मला पाणी प्यावंसं वाटलं.

घोडी मात्र फसत नव्हती. पहिल्या खेपेला ती माझ्या पिशवीत तोंड घालायची. चौथ्या खेपेला मी गोठ्याशी गेले तशी ती मान फिरवून कोपऱ्यात सरकली. तंग आवळताना तिने दात दाखवले. "आता पोरी तुला काय झालं?" म्हणून आबांनी तिला रागावलं, आणि मी तिथेच उभी होते. आबांना वाटलं घोडी वाह्यात झाली. त्यांनी माझी माफी मागितली. तिच्या वतीने.

होळीच्या नंतर गेले. ऊन चढलं होतं, घोडीने हिवाळ्याचे केस टाकले होते. खोगीर उतरवलं आणि माझा हात तिथेच थांबला. डाव्या बाजूला, त्या कोरड्या जागेवर, तांबूस केसांत पांढरे केस उगवले होते. सुपारीएवढा ठिपका.

दाबाने कातडीखालचं मूळ मेलं की तिथे पुन्हा येणारा केस पांढरा येतो. तो मग जन्मभर पांढराच राहतो. एकदा दुसऱ्याच कुणाच्या खोगिराने असा ठिपका पडलेला घोडा आमच्या दुकानी आला होता. तो बघून माझा नवरा, जो घोड्याच्या दहा हात लांब राहायचा, जवळ गेला आणि त्या ठिपक्यावर हात ठेवून उभा राहिला. मग दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. इथे तर खोगीर त्याचंच होतं, आणि लोकर मी भरलेली.

"आबा," मी म्हणाले, "खोगिरात दोष नाही. तुम्ही वाकडे बसता. तुमचा उजवा खुबा दुखतो, म्हणून सगळं वजन डावीकडे पडतं. त्याने हिची पाठ गेलीय."

 आबा जवळ आले, ठिपका बघितला, बोटाने केस चाळवले. घोडीची कातडी थरथरली. मला वाटलं आता म्हणतील, घरात सांगू नका. मी त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"कवापास्नं ठावं हुतं तुमाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आजच कळलं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. "तिसऱ्या खेपेपासून," मी म्हणाले. "दिवाळी झाल्यावर आले होते तेव्हापासून."

"मग ती लोकर कशाला भरत हुत्या?"

 त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"माजं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी लबाडी केली, मी फेडीन. हिनं काय केलं हुतं, वहिनी?"

त्यांनी खोगीर उचललं, लंगडत गोठ्यात नेलं आणि खुंटीवर उलटं टांगलं. इतके महिने ते लंगडणं त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं, आता लपवलं नाही. जेवायला ते आले नाहीत. त्यांच्या मंडळींना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी नेहमीसारखं आग्रहाने वाढलं. प्रत्येक घास मी मोजून गिळला. स्टँडवर सोडायला मुलगा आला. त्या दिवशी मला पुन्हा कधी येता असं कुणी विचारलं नाही, कारण मी कुणी विचारायच्या आतच पायरी उतरले होते.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. फोन आला नाही. मी करू शकले असते, केला नाही. काय म्हणणार? घोडी कशी आहे? दोन कामं आली, पाथर्डीकडचं एक आणि राहुरीजवळचं एक. दोन्ही चोख केली, अगदी रूक्षपणे. राहुरीच्या माणसाला मी तोंडावर सांगितलं की तुमचं वजन या घोड्याला झेपणारं नाही, आधी दहा किलो उतरवा. तो भडकला. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी आले, दार लावलं, दिवा लावला. रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं, "एवढंच तर सांगायचं होतं." नवऱ्याशी बोलायची सवय अजून सुटलेली नाही, म्हटलं की उत्तराची वाट बघते.

श्रावणात एके दिवशी सकाळी उठले आणि कोपरगावची एसटी धरली. कळवलं नाही. पिशवी नेली नाही. स्टँडवरून रिक्षा केली, ती पाटाच्या फाट्यापर्यंत गेली, पुढे चालत निघाले.

आबा रस्त्यातच भेटले. हातात काठी होती. घोडी त्यांच्या बाजूने चालत होती, पाठ मोकळी, नुसता दोर आणि तोही सैल सोडलेला. सकाळची फेरी चालूच होती, फक्त आता दोघंही पायी. मला बघून आबा थांबले. घोडीनेही मला बघितलं. ती त्यांच्या मागून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथे उभी राहिली.

"आता खोगीर घालीत न्हाई," आबा म्हणाले. "आपरेशन करायचं म्हनत्यात डाक्टर. बगू. माप घ्यायला आल्या असाल तर काय काम न्हाई ऱ्हायलं."

"मापासाठी नाही आले."

"मग?"

अख्ख्या प्रवासात मी माफीचे शब्द जुळवले होते. त्यातला एकही तोंडात आला नाही. जे आलं ते मी आयुष्यात कुणाजवळ बोलले नव्हते.

"घरी बोलायला कुणी नसतं, आबा. तुमच्याकडे आलं की बरं वाटायचं. सांगितलं असतं तर यायचं बंद झालं असतं. म्हणून लोकर भरत राहिले."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. पाटात पाणी सोडलेलं होतं, ते वाहत होतं. मला वाटलं ते रागावतील, नाहीतर कीव करतील. दोन्हीची मी तयारी केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं.

"एवड्यासाठी व्हय?" ते म्हणाले. "आवो वहिनी, मग हे पैल्या दिशीच बोलायचं. जेवायला या म्हनलो असतो की. घरात बारावं ताट काय जड हुतं का आमाला?" त्यांनी मागे हात नेऊन घोडीच्या मानेवर ठेवला. "हिची पाठ ऱ्हायली असती."

मी मान हलवली. मग त्यांनी, आलाच आहात तर घरी चला, असं म्हटलं आणि आम्ही चालू लागलो. वाट रुंद होती, तिघांना बाजूबाजूने चालण्याइतकी. घोडी त्यांच्या पलीकडच्या अंगाने चालत होती, आणि वस्ती येईपर्यंत ती एकदाही माझ्या बाजूला आली नाही.